खंडेनवमीला उठलेलं मशीन

हल्ली म्हणे झोपलेला कॉम्प्युटर लांबूनच उठवता येतो. आपण आपल्या खोलीत बसायचं, तारेवरून त्याच्या नंबराने हाक मारायची, की तो पलीकडच्या इमारतीत डोळे उघडतो. माझ्या पुतणीने मला हे परवा करून दाखवलं आणि शाबासकीसाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. कारण हेच काम ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला मी साखर कारखान्यात घसा फोडून आणि चपला झिजवून करत होते, आणि त्याचं कौतुक कुणालाही नव्हतं.

कारखाना आमच्या बेटाच्या दक्षिणेला, प्लेन मान्येन गावापासून मोपेडवर थोड्या अंतरावर. ऊस तोडणीच्या हंगामाला आमच्याकडे लाकूप म्हणतात, आणि लाकूप सुरू झाला की तिथे कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसे. अशा ऐन धांदलीत साहेबांनी परदेशातून एक काळी जाड तार आणवली. ती वजनकाट्यापासून प्रयोगशाळेत, तिथून गॅरेजात, तिथून पार आवाराच्या दुसऱ्या टोकाला मागाझँपर्यंत ओढली. मागाझँ म्हणजे सुट्या भागांचं आणि हत्यारांचं कोठार. प्रत्येक ठिकाणी एकेक कॉम्प्युटर ठेवला आणि मधल्या खोलीत मोठा कॉम्प्युटर व त्याच्यासमोर मी. रोज दुपारी माझ्या मशीनने तारेवरून सगळ्यांकडे जायचं, सकाळपासूनचे आकडे गोळा करायचे आणि एक कागद छापून द्यायचा. ऐकायला सोपं. पण त्या प्रोग्रामची खोड अशी, की वाटेत एक जरी मशीन बंद असलं तरी तो तिथेच अडून बसे. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आणि मशीनं बंद नसत तर काय. ती बसवून देणारा परदेशी माणूस सांगून गेला होता, यांना कधीही बंद करू नका. हे आमच्या लोकांना पटणं शक्यच नव्हतं. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा हे ज्यांना लहानपणापासून रट्टे देऊन शिकवलेलं, ते एवढा मोठा उजेड उगाच जळत ठेवतील का? प्रयोगशाळेतली बाई चहाला उठली की बटण बंद करायची. वजनकाट्यावरचा माणूस तर प्लगच उपटायचा, कारण त्याच भोकात त्याची पाणी तापवायची किटली. गॅरेजवाले म्हणायचे, चिपाडाची धूळ जाते आत, जरा विसावा नको का त्याला. मी सांगून सांगून थकले. शेवटी फोनवर बसायचे. टेलिफोनच्या बोर्डावर आमच्याच देवळात ढोलकी वाजवणारे एक दादा होते. मी रिसीव्हर उचलला की ते म्हणायचे, "आला कोंबडा. कुणाला उठवायचा हाय आज?" मला तळपायाची आग मस्तकात जाई, पण लाइन त्यांच्या हातात, तेव्हा गप्प बसून हसावं लागे.

या सगळ्यांत वाईट मशीन मागाझँतलं, आणि मागाझँ होतं माझ्या बांच्या ताब्यात.

बांना त्या मशीनचा तिटकारा होता असं नाही. उलट माया होती, आणि तोच डोक्याला ताप. संध्याकाळी ते त्याला बंद करून, फडक्याने पुसून, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्यावर घालत. सकाळी आले की आधी बोल्ट मोजणार, मग दाराशी उभ्या मिस्त्रींशी बोलणार, मग चहा, आणि मशीन आपलं पदराखाली गाढ झोपलेलं. मी फोन केला की म्हणत, "उठवतो गं, काय घाई हाय?" आणि विसरत. मग मी आवार ओलांडून, उसाच्या गाड्या चुकवत, तिथे जायचे. घरी एका ताटात जेवणारी माणसं आम्ही, आणि कारखान्यात माझ्या नाकीनऊ आणणारा माणूस तोच.

शेवटी मी आमच्या इलेक्ट्रिशियनला गाठलं. तो अबोल माणूस, पण अडचण सांगितली की त्याचे डोळे चमकत. त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक यंत्र बसवून दिलं. मागाझँचा फोन वाजला की त्या डब्यातला खटका पडे आणि मशीनला वीज मिळे. मशीनचं स्वतःचं बटण आम्ही कायमचं चालू ठेवून वर पट्टी चिकटवली, त्यामुळे वीज आली की ते आपोआप उठून तारेवर हजर होई. झोपवायचं असेल तेव्हा डब्यावरचं लाल बटण दाबायचं, ते काम बांचं. मीच आणखी एक हट्ट धरला. मशीन उठलं हे मला इकडे कसं कळणार? म्हणून त्याने अशी सोय केली, की दोन घंटा झाल्या की डबा स्वतःच फोन उचलेल आणि लगेच ठेवेल. मला कानात कट् असा आवाज आला की समजायचं, उठलं. मशीन जागं असताना डबा मध्ये पडत नसे, फोन नेहमीसारखा चाले.

मला त्या डब्याचा फार अभिमान होता. आठवडाभर मी मिरवत होते. मग तक्रारी सुरू झाल्या. बा कामावर यायच्या आधी कुणीही मागाझँला फोन केला तरी मशीन उठायचं आणि फोन करणाऱ्याच्या कानात कट्. कुणाच्या सासूने जावयाला निरोप द्यायला फोन केला, मशीन उठलं. एका सकाळी बड्या इंजिनिअर साहेबांनी स्वतः फोन केला, पट्टा तुटला होता, नवा त्यांना तातडीने हवा होता. त्यांना वाटलं, बांनी त्यांचा आवाजही न ऐकता फोन आपटला. बांना सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. ते घरी येऊन जेवले नाहीत. मी साहेबांना जाऊन डबा दाखवला, समजावलं. साहेब हो हो म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांच्या मते म्हाताऱ्याने फोन आपटलाच होता आणि मुलगी पांघरूण घालते आहे. माणसाला एकदा फोन ठेवल्याचा आवाज ऐकू आला की मग काहीही सांगा.

त्याच वर्षी ताई जायला निघाली.

ताई माझ्याहून मोठी. ती स्वेटरच्या कारखान्यात शिलाईवर होती. तिथल्या मैत्रिणीच्या ओळखीने तिला फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या विधुर शेतकऱ्याची पत्रं येऊ लागली. पुढे तो स्वतः आला, सरकारी लग्न झालं, तो परत गेला आणि तिचे कागद व्हायला वेळ लागला. त्या काळात आमच्या बेटावरून अशा कितीतरी मुली गेल्या. मला ते लग्न मान्य नव्हतं आणि मी ते मनात ठेवलं नाही. गाईंच्या गोठ्यात राबायला एवढ्या लांब कशाला जातेस, गाई काय इथे लालमती गावात नाहीत, असं मी तिला तोंडावर म्हणाले. ती हसली. म्हणाली, "तुझ्या मशीनपेक्षा गाई बऱ्या, सकाळी आपणहून उठतात." आम्ही भांडायचो आणि मग एकाच चटईवर झोपायचो. तिचं सामान बांधताना मी हात लावला नाही, आणि आदल्या संध्याकाळी मात्र तिची बॅग उघडून लोणच्याची बरणी टॉवेलात नीट गुंडाळून ठेवली. ती बघत होती. म्हणाली, "विमानतळावर येशील ना?" मी म्हटलं, येईन. दुपारचं काम झालं की तशीच मोपेडवर येईन. "नक्की?" नक्की म्हटलं. ती पुन्हा कधी येईल, येईल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती तीनतीनदा विचारत होती आणि म्हणूनच मी चिडचिडून उत्तर देत होते.

तिचं विमान होतं नेमकं खंडेनवमीच्या दिवशी.

हत्यारं ठेवायचा हा दिवस आमच्या मराठी घरांनी इथे कधी सोडला नाही. विळे, कोयते, फावडी धुवायची, हळदकुंकू लावायचं आणि त्यांना विसावा द्यायचा. दुसऱ्या दिवशी दसरा झाला की मगच हात लावायचा. लाकूप असला तरी मागाझँतली हत्यारं बा त्या दिवशी ठेवत. मिस्त्री आपल्याला लागणारे पाने, हातोडे आदल्या दिवशीच नेऊन ठेवत, आणि पूजा झाली की दुपारपासून मागाझँला कुलूप. साहेबांनाही ते सवयीचं झालं होतं. मीही ठरवलं होतं, आज मागाझँचे आकडे नाहीत, आज गोळाबेरीजच नाही, मला लवकर सुटता येईल.

सकाळी टेलिफोनवाल्या दादांनी निरोप दिला. राजधानीतल्या, पोर्ट लुईच्या कचेरीतले हिशेबाचे बडे साहेब उद्या येणार होते, ते आजच दुपारी येताहेत. त्यांना तारेचं काम चालतं की नाही ते डोळ्यांनी बघायचं आहे. नाही चाललं तर तार काढायची असं वरच्यांचं बोलणं होतं, हे मला ठाऊक होतं.

मी धावत मागाझँत गेले. पूजा आटोपत आली होती. पाने, करवती, छिन्न्या ओळीने मांडलेल्या, आणि ओळीच्या शेवटी मशीन. त्याच्यावर कुंकवाचं बोट, झेंडूची माळ, अक्षता, खाली लाल बटण दाबलेलं. आईचं लुगडंही धुऊन घातलेलं.

"बा, आज याला दुपारी उठवावं लागंल," मी म्हटलं.

"आज न्हाय."

"पोर्ट लुईचे साहेब येतायत."

"येऊ देत. त्यांना परसाद दे." बा माझ्याकडे न बघता नारळाचे तुकडे करत होते. "वरीसभर तू त्याला बोंबलून उठवत्येस. आज एक दिस झोपू दे. उद्या मी सवता उठवीन."

"ते हत्यार नाही हो बा."

"मग काय हाय? मी त्यावर काम करतो. ज्यावर काम करतो तो हत्यार."

मला वाटलं, वाद कशाला घालायचा, माझ्याकडे डबा आहे. बा गेले की फोन करीन, मशीन उठेल, काम उरकेल, त्यांना कळेल तेव्हा दसरा उजाडलेला असेल. मी नारळाचा तुकडा घेऊन बाहेर पडले. बा त्यानंतर कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून, आई आणि ताईला घेऊन विमानतळावर गेले. आमच्या शेजाऱ्याची गाडी होती.

साहेब आले. त्यांच्याबरोबर आणखी दोघे. खुर्च्या कमी पडल्या. मी त्यांना जरा बसा म्हणाले आणि फोन उचलला. "दादा, मागाझँ द्या."

पलीकडे दादा खाकरले. "पा कपाव, बाय." पा कपाव म्हणजे जमणार नाही. "तुझ्या बानं सांगितलाय, आज मागाझँची लाइन कॉम्प्युटरवालीला द्यायची न्हाय. देवाला फूल वाहून सांगितलाय त्यांनी. मी कसा मोडू?"

मी कपाळाला हात लावला. म्हणजे बांना माझा डाव आधीच कळला होता, आणि त्यांनी देव मध्ये घातला होता. मी दादांना हळू आवाजात विनवलं, मग जरा मोठ्याने. ते म्हणाले, "देमें, उद्या दाखव की त्यांना." मागे साहेब घड्याळाकडे बघत होते. मी म्हणाले, "नका देऊ. मीच जाते मागाझँकडे," आणि फोन ठेवला. खरं म्हणजे आपटला.

आवार ओलांडताना उसाच्या गाड्यांनी वाट अडवली होती. गाडीवान ओरडत होते, मीही ओरडले. जाऊन तरी काय करणार होते? कुलूप होतं, दुसरी किल्ली इंजिनिअर साहेबांकडे आणि ते गिरणीत नेमके कुठे हे कुणी सांगेना. तरी मी दारापर्यंत गेले. खिडकीच्या जाळीतून माळ घातलेलं मशीन दिसत होतं. मला रडू यायच्या बेतात होतं. तिकडे ताई वाट बघत असणार, इकडे हे हळदकुंकू लावून झोपलेलं, आणि दोघांच्या मध्ये मी, जाळीला नाक लावून उभी.

तेवढ्यात आत फोन वाजला.

एकदा. दोनदा. मग डब्यातला खटका ऐकू आला, फोन थांबला, आणि लुगड्याखालून मशीनचा पंखा घरघरला. उजेड पदरातून झिरपला. मी दारावर थाप मारली, एवढा आनंद झाला मला. दादांना अखेर पाझर फुटला, मी मनात म्हटलं, देवाचा शब्द मोडला बिचाऱ्यांनी माझ्यासाठी. मी जाळीतून मोठ्याने हसले. एक गाडीवान माझ्याकडे बघत राहिला.

मी धावत खोलीत परतले. गोळाबेरीज सुरू केली. वजनकाटा, प्रयोगशाळा, गॅरेज, मागाझँ, सगळे हजर. कागद छापून आला. साहेबांनी चष्मा चढवून तो वाचला, मान डोलावली, मग चहा हवा म्हणाले, मग चहाबरोबर प्रश्न. तार किती लांब आहे. दुसऱ्या कारखान्यापर्यंत नेता येईल का. मी उत्तरं देत होते आणि आतल्या आत जळत होते. एकाने तर मला पेन मागून घेऊन तारेचं चित्र काढायला सुरुवात केली. ते उठले तेव्हा मी त्यांना दारापर्यंतही सोडलं नाही, मोपेडला लाथ मारली.

विमानतळाच्या रस्त्याला लागले तोच डोक्यावरून विमान गेलं. मी वर बघितलं नाही. म्हटलं, दुसरं कुठलं असेल. शेजारच्या रीयूनियन बेटाचं असेल.

विमानतळाबाहेर आई शेजाऱ्याच्या गाडीत मागच्या बाकावर बसली होती, तोंडावर पदर घेऊन. बा बाहेर उभे होते. मी मोपेड लावली. ते रागावलेले नव्हते, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"उचललास तर बोलायचा तरी," ते म्हणाले.

"काय उचललं?"

"फोन. ती आत जायला तयार होईना. शेवटी म्हणाली, मी फोन करते तिला. तिथल्या फोनवरनं लावला. दादा म्हणाले, कॉम्प्युटरच्या खोलीत कोण उचलत न्हाय, ती मागाझँकडे गेलीय, तिकडे देतो. दोनदा वाजला. मग कुणी उचलला नि ठेवून दिला." बांनी खाली बघितलं. "ती म्हणाली, अजून राग गेला न्हाय तिचा."

"बा," मी म्हणाले, "मागाझँला कुलूप होतं."

त्यांचा हात खिशात गेला. किल्ली हाताला लागली असावी. रोज संध्याकाळी लाल बटण दाबणारा माणूस, त्याला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे तो उठला?" त्यांनी विचारलं.

"उठला."

बा रस्त्याच्या कडेला बसले. मीही त्यांच्याजवळ बसले. आई गाडीतून विचारत होती, काय झालं, काय म्हणते ती. दुसऱ्या दिवशी दादा स्वतःहून आले. म्हणाले, ताई फोनवर रडत होती, माझ्याच्यानं न्हाय म्हणवला न्हाय, तू तिथेच हायस असा वाटला मला. त्यांनी चांगलंच केलं होतं. सगळ्यांनीच चांगलं केलं होतं, आणि त्यामुळे राग काढायला कुणी उरलं नव्हतं.

ताईला मी लगेच पत्र लिहिलं. डबा काय, खटका काय, दोन घंटा झाल्या की फोन कसा आपोआप उचलला आणि ठेवला जातो, सगळं. मी दाराबाहेर उभी होते, तुझी घंटा मी ऐकली, ऐकून हसले, हेही लिहिलं. तिचं उत्तर आलं त्यात थंडी होती, गाई होत्या, सासरी लोणचं कुणाला तिखट लागलं ते होतं. फोनबद्दल अक्षर नाही. मी दुसऱ्यांदा लिहिलं, या वेळी डब्याचं चित्र काढून, तारा कुठून कुठे जातात ते बाण दाखवून. बांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, ही खरं सांगते.

त्यावर तिने लिहिलं, "एवढं कशाला समजावतेस गं? तू कामात होतीस, हे मला तेव्हाच कळलं. मी मनात काही ठेवलेलं नाही."